चिकूला घर ओळखीचे होईपर्यंत

गेल्या वर्षी जूनमध्ये चिकू आमच्या कोथरूडच्या घरी आला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तोवरचे सारे आयुष्य त्याने पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, एका आजींच्या सोबतीने काढले होते. आजींना मुलीकडे परगावी राहायला जावे लागले आणि तिथे कुत्रा नेणे शक्य नव्हते. निरोप देताना त्यांनी त्याची गोधडी माझ्या हाती ठेवली आणि ती धुऊ नका, असे दोनदा बजावले. नवी गादी, नवे पट्टे, नवी भांडी अशी आम्ही केलेली सगळी तयारी त्या एका न धुतलेल्या गोधडीपुढे फिकी पडली, कारण आमच्या घरात त्याच्या ओळखीचा वास असलेली तेवढी एकच वस्तू होती.

पहिले दोन दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही. अन्नाला तोंड लावले नाही, पाणीही आम्ही झोपल्यावर प्यायला आणि लघवी तर जवळजवळ अठरा तास धरून ठेवली. नव्या जागी आलेल्या घाबरट कुत्र्याच्या बाबतीत हे अनपेक्षित नसते. तरीही पाण्यालाही शिवला नाही, उलट्या होऊ लागल्या किंवा अंग तापले, तर वाट न पाहता पशुवैद्यांना दाखवावे. चिकूला तसे काही नव्हते. त्याला फक्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीवर उपाय म्हणून आम्ही मायेपोटी जे करायला निघालो होतो, ते बहुतेक सारे चुकीचे होते.

आम्ही आळीपाळीने पलंगाशी वाकून त्याला हाका मारत होतो, हात पुढे करत होतो, बिस्किटे दाखवत होतो. तो जांभया द्यायचा, ओठ चाटायचा, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहायचा, आणि तेव्हा त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग दिसायचा. याला झोप आली आहे, असे माझा मुलगा म्हणाला आणि मलाही ते खरे वाटले. प्रत्यक्षात ती ‘कृपा करून लांब राहा’ अशी सभ्य विनंती होती. ही विनंती कोणी ऐकत नाही, असे कुत्र्याच्या वारंवार लक्षात आले की तो पुढची पायरी गाठतो, म्हणजे गुरगुरतो. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही रागावू नये. रागावल्याने भीती जात नाही, केवळ सूचना देणे थांबते आणि मग तो थेट चावतो.

वाट दाखवली ती माझ्या सासूबाईंनी, तीही नकळत. त्यांना कुत्र्यांची फारशी आवड नाही. त्या रोज सकाळी साडेसातला त्याच कोपऱ्यात, त्याच पाटावर बसून पोथी वाचतात, एका लयीत, हळू आवाजात, आजूबाजूला न पाहता. पाचव्या दिवशी चिकू पलंगाखालून निघाला आणि त्यांच्यापासून चार हातांवर जाऊन बसला. आठव्या दिवशी ते अंतर हातभर उरले. अकराव्या दिवशी त्याने त्यांच्या पदराचा वास घेतला. सासूबाईंनी वाचन थांबवले नाही की त्याच्याकडे पाहिलेही नाही. ज्या माणसाला त्याच्याकडून काहीच नको होते, जे रोज त्याच वेळी त्याच जागी असायचे, त्याच माणसाकडे तो आपण होऊन गेला. त्या दिवसापासून आम्ही सर्वांनीच त्याच्या जवळ जाणे सोडले आणि जवळ यायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवले. खाऊ द्यायचा असेल तर तो त्याच्या पाठीमागे टाकायचा, म्हणजे तो खाण्यासाठी त्याला आमच्यापासून दूर जाता येते आणि हवे असल्यास परत यायला तो मोकळा असतो.

सर्वांत कठीण गेले ते पाहुण्यांना थोपवणे. नवा कुत्रा आला हे कळल्यावर नातेवाईक कौतुकाने यायचे आणि थेट डोक्यावर हात ठेवायला वाकायचे. ‘आम्हाला कुत्र्यांची सवय आहे’ हे वाक्य मी त्या महिन्यात असंख्य वेळा ऐकले. सवय पाहुण्यांना असते, चिकूला त्यांची नसते. शेवटी मी सर्वांना महिनाभर येऊ नका असे स्पष्ट कळवले, दोघेजण रुसले, आणि तरीही तो निर्णय योग्यच होता असे मला आजही वाटते.

आजींना मी फोन करून त्यांचे शब्द विचारून घेतले. फिरायला जाताना त्या ‘चला, पायऱ्या’ म्हणायच्या आणि जेवण वाढताना ‘पान घेतलंय’. हेच शब्द आम्ही वापरू लागलो. बाहेर नेताना छातीचा पट्टा आणि गळ्यातला पट्टा अशा दोन्हींना दोरी जोडत होतो, कारण घाबरलेला कुत्रा मागे सरकून एका पट्ट्यातून सहज निसटतो आणि नव्या भागात त्याला परतीची वाट ठाऊक नसते. फोन नंबर कोरलेला बिल्ला तर त्याने पहिल्या दिवसापासून घातलेला आहे. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत, म्हणून पलंगापासून दारापर्यंत जुन्या सतरंज्या अंथरल्या, आणि तेवढ्यानेच तो घरात अधिक मोकळेपणाने चालू लागला.

कुकरची शिट्टी हे मोठे प्रकरण होते. शिट्टी झाली की तो न्हाणीघरात जाऊन थरथरत बसायचा. आम्ही स्वयंपाकघराचे दार लावून त्याला सर्वांत लांबच्या खोलीत ठेवू लागलो आणि शिट्टी झाली की लगेच मीठ-मसाला न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा एक तुकडा देऊ लागलो. यातला क्रम फार महत्त्वाचा आहे: आधी शिट्टी, मग चिकन. उलटे केले तर चिकनच संकटाची चाहूल ठरते. घाबरल्यावर जवळ घेतले तर भित्रेपणा वाढतो, असे अनेकजण सांगतात. ते मला पटत नाही. भीती ही कुत्र्याने ठरवून केलेली कृती नसते, त्यामुळे धीर दिल्याचे बक्षीस समजून तो अधिक घाबरत नाही. तो बिलगला, तर बिलगू द्यावे.

दिवाळीपूर्वी पशुवैद्यांनी त्याला तपासून भीती कमी करणारे औषध दिले. केवळ गुंगी आणणाऱ्या औषधाने शरीर निपचित पडते, पण भीती तशीच राहते, हे त्यांनी नीट समजावले. म्हणूनच असे औषध कोणी ओळखीच्याने सुचवले म्हणून स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याच तपासणीत त्याची एक दाढ किडलेली आढळली. ती काढल्यावर तोंडाजवळ हात नेला तरी तो दचकेनासा झाला, म्हणजे आम्ही ज्याला भित्रेपणा समजत होतो, त्यातला काही भाग चक्क दुखणे होते.

तीन दिवसांत घाबरणे ओसरते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपले वाटते, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. चिकूला दारावरच्या घंटेला भुंकायलाच चार महिने लागले. त्या दिवशी आम्ही सगळे जेवता जेवता थांबलो, आणि सासूबाई म्हणाल्या, “बोलला एकदाचा.”

आता पुन्हा ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला आहे. गेल्या वर्षी त्या आवाजाने तो दोन दिवस जेवला नव्हता. मोबाइलवर ढोलाचा आवाज ऐकवून फारसा उपयोग झाला नाही, कारण जमिनीतून अंगात शिरणारी ती घरघर एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही. म्हणून गेला आठवडाभर संध्याकाळी आम्ही त्याला गाडीत घेऊन नदीपात्रापासून बऱ्याच अंतरावर थांबतो, जिथे ढोल ऐकू येतो पण त्याचे खाणे थांबत नाही. काल आम्ही गाडी आणखी एक चौक पुढे नेली होती. त्याने कान टवकारले, तुकडा तोंडात तसाच धरून क्षणभर थांबला, आणि मग खाल्ला. आज त्याच चौकात थांबायचे ठरवले आहे. पुढचा चौक पुढच्या आठवड्यात, त्याला जमला तर.