आप्पांची नखं

आज आप्पांना सीटी स्कॅनला नेऊन आणलं. ३ महिने खोकला आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी धूळ म्हटलं, मग अ‍ॅलर्जी, आणि एक्स-रेत डाग दिसल्यावर "टीबीच असणार". आपल्याकडे छातीत डाग म्हटलं की आधी टीबीच आठवतो, त्यात चूकही नाही. पण थुंकीची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली आणि वजन ७ किलोंनी उतरलंय. पट्टा दोन भोकं आत गेलाय.

छातीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी त्यांचे हात पाहिले. दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून टेकवायला सांगितली. मध्ये पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक फट दिसायला हवी. आप्पांची दिसली नाही. फुप्फुसाच्या काही दुखण्यांत बोटांची टोकं अशी फुगतात, कॅन्सरमध्येही. नुसत्या नखांवरून काही ठरत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मात्र बाहेर बाकावर बसून माझीच नखं जुळवून बघत होतो.

(विडी सोडून त्यांना ११ वर्षं झाली. हे मी आज दिसेल त्याला, न विचारता, सांगत सुटलो होतो.)

रिपोर्ट परवा. मग बहुधा दुर्बीण घालून तुकडा काढतील. घरात 'तो' शब्द कुणी काढत नाही, आई नुसतं 'छातीचं' म्हणते.

रिक्षात आप्पा एवढंच बोलले, "मशीनमधली बाई श्वास रोखा म्हणते. खोकला येतोय म्हटलं, तर ऐकेचना. टेप असणार."