तुम्ही विचारलंत म्हणून : एम.टेक.ला जाऊ का?

सातवं सेमिस्टर लागलं की हा प्रश्न सुरू होतो. जळगाव-भुसावळची मुलं तो मराठीत विचारतात, शिरपूर-अमळनेरकडचे वडील अहिराणीत: ‘पोऱ्याले एम.टेक.ले धाडू का?’ शब्द तेच असले तरी विचारण्यामागची कारणं वेगळी असतात. कुणाला कॅम्पसला नोकरी लागली नाही म्हणून दोन वर्षं ढकलायची असतात, कुणाला आपल्या कॉलेजच्या नावावर मोठ्या संस्थेचं नाव चढवायचं असतं. दुसऱ्या कारणात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या कारणासाठी मात्र जाऊ नका, कारण दोन वर्षांनी तोच बाजार समोर असतो आणि वय दोन वर्षांनी वाढलेलं असतं.

माझं उत्तर एका ओळीचं आहे: दरमहा स्टायपेंड देणारी जागा मिळाली तर जा, पदरचे पैसे घालून एम.टेक. करू नका. गेट या एम.टेक.च्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर सरकारी किंवा ए.आय.सी.टी.ई.मान्य (तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या) संस्थेत प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, २४ महिने. म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. श्रीमंत कुणी होत नाही, मेस आणि सेमिस्टरची फी यातच बरेचसे जातात, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. गेट नसताना खासगी कॉलेजात मिळणाऱ्या जागेवर हे पैसे नाहीत, शिवाय फी तुमची. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचंच ठरलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण सहायक प्राध्यापकाला एम.टेक. लागतंच.

तेव्हा आधी गेट. श्रावणातले कानबाईचे रोट संपतात न संपतात तोच फॉर्म सुटतो, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तिसऱ्या वर्षाला असतानाही बसता येतं आणि निकालानंतर स्कोअर तीन वर्षं चालतो. तिसऱ्या वर्षी एकदा बसून बघा. फार तर फॉर्मचे पैसे जातील, पण तीन तास स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर माऊसने दाबत गणितं सोडवणं म्हणजे काय, ते कळेल. स्वतःचा कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही आणि पहिल्यांदा बसणाऱ्यांचा बराच वेळ तिथेच जातो. घरी सराव करतानाही तोच स्क्रीनवरचा वापरा.

पेपर ६५ प्रश्नांचा, १०० गुणांचा. १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, म्हणजे ॲप्टिट्यूडचे, आणि बहुतेक शाखांत १३ गुण इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचे. हे २८ गुण कॉलेजच्या दर्जावर अवलंबून नाहीत, शिक्षक बदलत राहिले म्हणून बुडत नाहीत. आमच्या भागातली मुलं ‘ॲप्टिट्यूड काय, होऊन जाईल’ म्हणत सगळा जोर मुख्य विषयांवर लावतात आणि इथेच सात-आठ गुण सोडून येतात. चूक उत्तराला एका गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नात एक तृतीयांश गुण कापतात, दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी नफा-तोटा शून्य. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर ठोकण्यात फायदा आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात टाईप करायचं असतं किंवा एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथे चुकीला दंड नाही. तो प्रश्न कोरा सोडणं हा निव्वळ आळस.

निकालात तीन आकडे असतात: गुण, रँक आणि स्कोअर. घरचे रँक विचारतात, प्रवेश मात्र स्कोअरवर होतो. स्कोअर १००० पैकी असतो. पात्रतेच्या गुणांना ३५० आणि वरच्या मोजक्या परीक्षार्थींच्या सरासरी गुणांना ९०० धरून मधल्यांची वाटणी करतात. समजा एखाद्या शाखेत पात्रता २८ गुणांना आहे, वरच्यांची सरासरी ७५ आहे आणि तुम्हाला ५० पडलेत. मग तुम्ही पात्रतेच्या २२ गुण वर, पूर्ण अंतर ४७. ५५० ला २२ ने गुणून ४७ ने भागलं की २५७ येतात, त्यात ३५० मिळवले की स्कोअर ६०७. म्हणून पेपर अवघड गेला तर रडू नका, सगळ्यांनाच गेलेला असतो. आणि ‘गेट क्वालिफाय झालो’ एवढ्यावर पेढेही वाटू नका. क्वालिफाय म्हणजे ३५०. चांगल्या संस्थेतल्या मागणीच्या शाखा त्याच्या कितीतरी वर बंद होतात.

खरी गळती निकालानंतर होते. आपल्याकडच्या मुलांना राज्याच्या कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, सवय असते: एक फॉर्म भरला, पसंतीक्रम टाकला, आता जागा आपोआप लागेल. आय.आय.टी.ला तसं नाही. मुंबईला वेगळा अर्ज, मद्रासला वेगळा, रुरकीला वेगळा, त्यातही प्रत्येक विभागाची निवड आणि अटी वेगळ्या. हे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये भरून घेतात आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास बऱ्याच मुदती संपत आलेल्या असतात. इथे मुलं झोक्यावर आणि तिकडे पोर्टल बंद! त्याशिवाय कोॲप नावाच्या सामायिक पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कोॲपवर ऑफर फक्त दिसते आणि ती स्वीकारता येते. अर्ज तिथे होत नाही. नुसती कोॲपची नोंदणी करून वाट पाहत बसलेल्या मुलाला एकही ऑफर येत नाही आणि का येत नाही ते कळतही नाही.

ऑफर आली की तीन बटणं असतात: घेऊन थांबणं, राखून पुढच्या फेरीची वाट बघणं, नाकारून वाट बघणं. नाकारलेला कोर्स पुन्हा मिळत नाही, हे ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणणाऱ्यांनी आधी वाचावं. राखून ठेवण्याचे नियम त्या त्या वर्षीचे असतात. ते पोर्टलवरूनच वाचा, गेल्या वर्षीच्या सीनियरच्या तोंडून नको. एन.आय.टी.साठी, म्हणजे नागपूरच्या व्ही.एन.आय.टी.साठीसुद्धा, सी.सी.एम.टी. ही तिसरीच प्रक्रिया आहे. पुण्याचं सी.ओ.ई.पी. आणि माटुंग्याचं व्ही.जे.टी.आय. राज्याच्या सी.ई.टी. सेलच्या कॅपमध्ये. तिन्ही दारं ठोठवायची, एकाच्या भरवशावर राहायचं नाही.

आता दाखले. यावर थोडं जास्त लिहितो, कारण जाग्यावर आलेली सीट यात जाताना दिसते. केंद्राच्या संस्थेत राज्याचा दाखला तसाच्या तसा चालत नाही. ओबीसी असाल तर केंद्र सरकारच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला हवा आणि तो प्रवेशाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. मे-जून उजाडला की सेतूत बारावीच्या मुलांची झुंबड उडते, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका आणि ‘केंद्राचा नमुना’ हे शब्द अर्जावर लिहून तोंडानेही सांगा. राज्यातले व्ही.जे., एन.टी., एस.बी.सी. हे स्वतंत्र गट केंद्रात नाहीत. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या महाराष्ट्राच्या यादीत तुमच्या जातीचं नाव असेल तर तुम्ही तिथे ओबीसी. यादीतलं स्पेलिंग आणि दाखल्यावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. मराठा मुलांचं एस.ई.बी.सी. आरक्षण राज्यापुरतं आहे, आय.आय.टी.त ते नाही. तिथे ई.डब्ल्यू.एस. किंवा खुला.

आणि ई.डब्ल्यू.एस.मध्ये खानदेशी मुलगा अडकतो तो शेतीत. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की झालं, असं सगळे समजतात. केंद्राच्या नियमात कुटुंबाकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. ५ एकर म्हणजे साधारण २ हेक्टर २ आर. वडिलांची साक्रीची कोरडवाहू अडीच एकर आणि आईच्या नावची धुळ्याजवळची तीन एकर वेगळी धरत नाहीत, बेरीज होते. दोन्ही ठिकाणी कापूस जेमतेम खर्च भागवतो, हे त्या नियमाला माहीत नाही. मला तो अन्यायकारक वाटतो, पण तहसीलमधल्या कारकुनाशी भांडून तो बदलणार नाही. फॉर्म भरण्याआधी उतारे काढून बेरीज करा.

ज्या विद्यापीठाची ग्रेड शीट सी.जी.पी.ए.मध्ये असते, तिथल्या मुलांनी टक्केवारीत रूपांतराचं पत्र परीक्षा विभागातून आधीच घेऊन ठेवावं. लोणेरेच्या विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांतल्यांनी तर नक्कीच, कारण इथून लोणेरे म्हणजे रायगड जिल्हा, एका दिवसात जाऊन येण्याचं ठिकाण नाही.

जागेचे प्रकारही समजून घ्या. साधं टी.ए.चं (टीचिंग असिस्टंट) एम.टेक. दोन वर्षांचं असतं: पहिलं वर्ष विषयांचं, दुसरं प्रबंधाचं, आणि आठवड्याला साधारण आठ तास विभागाचं काम. लॅब घेणं, पेपर तपासणं असलं. मुंबईसारख्या ठिकाणी आर.ए.चं (रिसर्च असिस्टंट) तीन वर्षांचं एम.टेक.ही असतं, त्यात प्रयोगशाळा किंवा प्रकल्पाचं काम जास्त. स्कोअर थोडा कमी पडला तर इकडे दार उघडं असतं, पण मुलाखत असते. संशोधनाच्या एम.एस.लाही मुलाखत. आपली मुलं पडतात ती तिथे, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच प्रोजेक्टवर.

उदाहरण आपल्याच मातीतलं घ्या. शेवटच्या वर्षाला ‘स्वयंचलित ठिबक’ हा प्रोजेक्ट खानदेशात दरवर्षी कुणी ना कुणी करतंच: मातीत ओलाव्याचा सेन्सर, एक बोर्ड, रिले, सोलेनॉइड व्हॉल्व्ह. बहुतेक ठिकाणी सुटे भाग तयार विकत आणलेले आणि कोड कुठून तरी उतरवलेला. मुलाखतीत विचारतात, ‘पंधरा दिवसांनी सेन्सर काय दाखवत होता?’ इथे गडी गप्प. दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीचा विद्युत रोध मोजतो. त्यातून सतत डीसी प्रवाह गेला की इलेक्ट्रोलिसिस होऊन एक दांडी झिजत जाते आणि माती तितकीच ओली असताना आकडा सरकत राहतो. खत सोडलं की क्षार वाढतात, रोध घटतो, सेन्सरला माती जास्त ओली वाटते आणि पंप वेळेआधी बंद होतो. उपाय साधा: वाचन घेतानाच क्षणभर वीज द्यायची, किंवा धारकतेवर चालणारा सेन्सर वापरायचा. एवढं सांगता आलं तर सी.जी.पी.ए. साडेसहा असला तरी समोरची माणसं खुर्चीत पुढे सरकतात. पुढचा प्रश्न ड्रीपरचा येऊ शकतो: दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट पडेल का? साध्या ड्रीपरमध्ये प्रवाह दाबाच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट दाबाला १.४ पट. रावेरच्या केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी कमी का पोचतं, त्याचं एक उत्तर यातच आहे. तेव्हा प्रोजेक्ट विकत घेतला असेल तर अजून वेळ आहे, तो उघडा, पंधरा दिवस चालवा आणि बिघडू द्या.

शाखेबद्दल थोडक्यात. नुसत्या संस्थेच्या नावाखातर नको असलेला विषय घेऊ नका, कारण दुसरं वर्ष पूर्ण एका गाईडच्या हाताखाली एकाच प्रश्नावर जातं. ऑफर घेण्याआधी विभागाच्या साईटवर प्राध्यापकांची गेल्या तीन वर्षांतली कामं बघा आणि त्यांच्याकडच्या दोन विद्यार्थ्यांना मेल करा. आय.आय.टी.त प्लेसमेंट १ डिसेंबरला सुरू होतं, म्हणजे आत गेल्यापासून तुमच्या हातात जेमतेम सोळा महिने असतात. पहिल्या सेमिस्टरचे गुण त्यात दिसतात.

परदेशाचं विचारताना मुलं जर्मनीपासून सुरू करतात, कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. पण सगळीकडे नाही: म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना फी लावली आणि बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. शिवाय व्हिसासाठी बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२, आणि त्याआधी ए.पी.एस. प्रमाणपत्र, म्हणजे तुमची कागदपत्रं तपासल्याचा दाखला. आपल्या गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर करायचं एक सूत्र आहे, त्यात कमी आकडा चांगला. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. ७.५ सी.जी.पी.ए.ला उत्तीर्ण ४ धरलं तर २.२५ येतो, ५ धरलं तर २.५. अनेक कोर्स २.५ ला दार बंद करतात. म्हणून ‘उत्तीर्ण होण्याची किमान ग्रेड’ गुणपत्रिकेवर किंवा विद्यापीठाच्या पत्रावर स्वच्छ लिहून घ्या.

बंद खात्याचे पैसे आणि त्यावरचा खर्च म्हणजे बहुतेक घरांत कर्ज. वडील म्हणतात, ‘दहा एकर आहे ना, ठेवू गहाण.’ साडेसात लाखांपर्यंत बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. त्यावर मागतात, आणि शेतजमीन बहुधा घेत नाहीत. थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घ्यायचा बँकांचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यांना एन.ए. (बिगरशेती) प्लॉट, शहरातलं घर किंवा ठेव हवी असते. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा नेलात तर अनेक शाखा तो मालकीचा पुरावा मानत नाहीत. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड निघालं आहे का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. ही चौकशी प्रवेशपत्र हातात पडल्यावर नाही, विद्यापीठांची यादी करायला बसाल त्या आठवड्यात करा.