नडगीच्या हाडातील जंतुसंसर्ग : आधी नमुना, मग औषध

अपघातात मोडलेल्या दादाच्या नडगीत रॉड घातला होता. हाड जुळले, तो पुन्हा शेतावर जाऊ लागला. पण वर्षभराने जुन्या टाक्यांच्या जागी एक बारीक तोंड पडून पू येऊ लागला. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी मिळालेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते तोंड मिटायचे आणि गोळ्या संपल्या की पुन्हा वाहायचे. ताप नव्हता, साखरही ठीक होती.

बेळगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहिला, शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या करून घेतल्या आणि सर्वांत आधी सगळ्या गोळ्या दोन आठवडे बंद करायला सांगितल्या. पू वाहत असताना औषध कसे थांबवायचे, हे वहिनींना पटेना. डॉक्टरांनी समजावले की अँटिबायोटिक चालू असताना हाडाचा नमुना घेतला तर त्यात जंतू न वाढण्याची शक्यता वाढते, आणि जंतू कोणता हे न कळल्यास औषध अंदाजाने द्यावे लागते. जखमेच्या तोंडावरचा पू तपासणे भरवशाचे नसते, कारण तिथे कातडीवरचे जंतूही मिसळलेले असतात. मात्र दोन आठवडे थांबण्याची ही मुभा ताप नसलेल्या जुन्या दुखण्यापुरतीच आहे, हे त्यांनी बजावले. गुडघा किंवा खुबा अचानक दुखू लागला, पाय टेकवेना आणि ताप आला, तर त्याच दिवशी सांध्यातील पाणी सुईने काढून तपासावे लागते. पुवाने सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, काही दिवसांतच खराब होते.

धातूवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि औषध त्याला पुरे पडत नाही, म्हणून शस्त्रक्रियेत रॉड काढला आणि आतले मेलेले हाड खरवडून टाकले. वेगवेगळ्या जागांचे पाच नमुने घेतले, प्रत्येकासाठी वेगळे हत्यार आणि वेगळी बाटली. बाटल्या प्रयोगशाळेत पोहोचवायला माझ्याकडे दिल्या, तेव्हा परिचारिकेने प्रत्येकीवरचे नाव आणि जागा माझ्यासमोर वाचून दाखवली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तुकडा फॉर्मेलिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रवात होता आणि फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून ती बाटली तिने वेगळ्या पिशवीत बांधली. आपल्याकडे क्षय हाडातही आढळतो, त्यामुळे त्याचीही तपासणी सांगितली होती. ती निर्दोष आली.

एकाहून अधिक नमुन्यांत एकच जंतू सापडला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि तो नेहमीच्या औषधांना दाद देणारा निघाला. निदानाची खात्री यामुळेच झाली. सहा आठवड्यांचे औषध ठरले. सुरुवातीला शिरेतून इंजेक्शने होती, पण अहवाल आल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांवर आणले. हाडाच्या दुखण्याला गोळ्या पुरतील का, ही आमची शंका होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील, हजाराहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात योग्य निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी ठरल्या नाहीत, असे त्यांनी सांगितले. रोज बेळगाव गाठणे टळल्याने वहिनींचा केवढा भार हलका झाला! गोळ्या चालू असताना रक्ततपासण्या मात्र ठरल्या वेळी कराव्याच लागल्या.

जखम आता कोरडी आहे. हा संसर्ग पुष्कळ काळाने पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून तपासण्या चालूच आहेत, आणि जंतूच्या अहवालाची एक प्रत आम्ही दादाच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावली आहे. उद्या गावात दुसऱ्या कोणा डॉक्टरांकडे जावे लागले, तर गोळी लिहिण्याआधी त्यांनी ती वाचावी.