तिहुआनाला उपचाराला निघालात? आधी परतीच्या रांगेचं विचारा

मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या तिहुआनाच्या पर्यायी कॅन्सर क्लिनिकांच्या माहितीपत्रकात समुद्र असतो, बागेतल्या खुर्च्या असतात, हसरे पेशंट असतात. सीमेवरची परतीची रांग नसते. म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो, बाकीचं जमेल तसं.

ताईने केमो थांबवला होता. निर्णय तिचा, त्यावर इथे चर्चा नको. भावोजींना एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून सोबत मी गेलो. व्हीलचेअर, मूळ वेष्टनातली औषधं, रिपोर्टच्या प्रती, एवढी तयारी तुम्ही केलीच असणार असं धरून चालतो.

जाताना काही जाणवत नाही. सॅन डिएगो विमानतळावर क्लिनिकची गाडी येते, थोड्याच वेळात सॅन इसिद्रोची सीमा लागते आणि मेक्सिकोत शिरताना गाडी जेमतेम थांबते. ड्रायव्हरही सांगतो, काही लागलंच तर पलीकडचं, अमेरिकेतलं हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर. खोटं. पंधरा मिनिटं नकाशावर. अमेरिकेत शिरायची रांग कित्येकदा तासन्‌तास हलत नाही.

आमच्यावर वेळ आली ती रात्री. ताईला उलट्या सुरू झाल्या, मग ती असंबद्ध बोलायला लागली. मला, तिच्या भावाला, भाऊजी म्हणून हाक मारली तेव्हा माझं धाबं दणाणलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांचं म्हणणं, ही ‘हीलिंग रिअ‍ॅक्शन’, शरीर विष बाहेर टाकतंय. तिथला उपचारच असा: मीठ पूर्ण बंद, तासातासाला रस, दिवसाचे १३ ग्लास, वर कॉफीचे एनिमा. धडधाकट माणसाच्याही रक्तातले क्षार यात बिघडतील. रक्त तपासा म्हटलं तर लॅब सकाळी. आयसीयू तर नव्हताच. शेवटी मीच गाडी मागवली.

पेशंटच्या गाड्यांसाठी सीमेवर वेगळी मेडिकल लेन असते, तिचा पास लागतो. तो क्लिनिकने द्यायचा, आणि देणारा माणूसही सकाळीच येणार! मग साध्या रांगेत. ताईचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी बादली, आणि काचेवर टकटक करत चुरो विकणारे, घोंगड्या विकणारे. गाडी दोन हात पुढे सरकायची, थांबायची. अधिकाऱ्यापर्यंत पोचल्यावर पासपोर्ट दाखवायच्या आधी ‘इमर्जन्सी’ एवढंच बोललो. त्याने लगेच अँब्युलन्स बोलावली, माणूस भला. हॉस्पिटलात सोडियम धोक्याच्या पातळीखाली निघालं.

तेव्हा पोचल्या दिवशीच तो पास मागून घ्या आणि स्वतःजवळ ठेवा. उद्या देतो म्हणाले तर बॅगा उघडू नका. रात्री रक्त तपासतं कोण, पेशंट बिघडला तर नेतात कुठे, हे लेखी विचारा. तिहुआनाची अँब्युलन्स भोंगा वाजवत थेट पलीकडे जाईल यावर विसंबू नका. बहुतेकदा सीमेवर पेशंट दुसऱ्या गाडीत हलवतात.

अमेरिकेचा व्हिसा चालू असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, हे खरं. पण तो एकदाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडकू शकता, मल्टिपल एंट्रीच हवा. कुणी तुम्हाला सीबीएक्स या सीमेवरच्या पादचारी पुलाचा शॉर्टकट सुचवेल. तो फक्त तिहुआना विमानतळावरून उडणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी आहे, क्लिनिकवाल्यांसाठी नाही. आणि उपचारासाठी म्हणूनच केलेला प्रवास साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये सहसा बसत नाही.

आता उपचाराबद्दल. तिथे ‘व्हिटॅमिन बी१७’ म्हणून देतात ते व्हिटॅमिन नाहीच, ते लेट्राइल, कॅन्सरवरचं औषध म्हणून विकलं जाणारं एक रसायन. १९८२ मध्ये मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. १७८ पेशंट, बरा एकही झाला नाही, उलट काहींच्या रक्तातलं सायनाइड जीवघेण्या पातळीजवळ गेलं. तरी तिथे ते सलाईनमधून चढवतात, वेगळं बिल लावून. बिलाबद्दल एवढंच सांगतो की न राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत आणि न मागितलेल्या गोळ्यांचं खोकं मात्र हिशेबात धरलेलं होतं.

व्हिटॅमिन सीचा मोठा डोस सलाईनमधून घेणार असाल तर आधी रक्तातल्या जी६पीडी या एंझाइमची तपासणी करून घ्या, त्याची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटू शकतात. मधुमेह असेल तर आणखी एक. त्या सलाईननंतर बोटातून रक्त घेऊन साधं मीटर लावलं की साखर खोटी वाढलेली दिसू शकते. त्या आकड्यावर इन्शुलिन टोचू देऊ नका, लॅबची तपासणी मागा.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा २००६ मध्ये जवळच्याच रोसारितोमधल्या अशाच एका क्लिनिकमध्ये वारल्या, आणि थोड्याच दिवसांत सरकारने ते बंद पाडलं. मला हे परत आल्यावर कळलं.

आजार अजून बरा होण्याजोगा असेल तर जाऊच नका, माझं स्पष्ट मत. पसरला असेल आणि केमो नकोच असेल, तर घराजवळच्या पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे वेदना-त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना, आधी भेटा. ताईच्या वेदना त्यांच्याच मॉर्फिनने आटोक्यात आल्या, रसाने नव्हे.

आणि परतीच्या विमानाचं पाहा. आजारी पेशंटला एअरलाइन डॉक्टरांचा मेडिफ फॉर्म, म्हणजे पेशंट विमानप्रवासाला योग्य आहे का हे सांगणारा कागद, मागू शकते. तो पलीकडच्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज घेतानाच भरून घ्या. आमच्या क्लिनिकने त्यावर सही करायला नकार दिला.