गेटवरचा आकडा : आमची वाटचाल

आमची सुरुवात बारकोडच्या लेबलांपासून झाली. दोन प्रिंटर, एक मदतनीस आणि मी. दुकानसाखळ्यांना माल पुरवणाऱ्यांच्या खोक्यांवरची लेबलं आम्ही छापून द्यायचो. वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या १०० मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांवर) आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या चिपची लेबलं, लावायला सांगितलं, तेव्हा हा शब्द आमच्या कानावर पडला.

बारकोड एकेक करून स्कॅनरसमोर धरावा लागतो. टॅगला ते लागत नाही. त्यात बॅटरीही नसते. रीडरच्या, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओलहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. कपड्यांचा बंद खोका न उघडता मोजता येतो. शिवाय क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा. साधा बारकोड सांगतो, हा अमुक मापाचा शर्ट. टॅग सांगतो, हा नेमका तोच शर्ट. मला भुरळ पडली ती याची.

पहिलंच काम अंगाशी आलं. गोदामाच्या गेटवर चार अँटेना बसवले. कपडे बिनचूक वाचले जायचे, पण तेलाचे डबे आणि द्रवसाबणाच्या बाटल्या गायब. धातू या लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं, हे आम्ही वाचलं होतं. हाताला तेव्हा लागलं. घाईत आम्ही रीडरची ताकद वाढवली. मग शेजारच्या गेटवर उभी असलेली पॅलेटंही वाचली जाऊ लागली, आणि गाडीत न चढलेला माल चलनावर चढला. ग्राहकाने काम थांबवलं. त्याचं बरोबरच होतं. कमी वाचलं तर माणूस पुन्हा मोजतो. जास्तीचं वाचलेलं कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्या गोदामातच होतो. ताकद उतरवली, अँटेना तिरपे केले, दोन गेटांमध्ये पत्रा उभा केला, पॅलेट उंबरठ्यावर आलं की मगच रीडर सुरू व्हावा म्हणून सेन्सर लावला. डब्यावर टॅगखाली फोमचा थर दिला. बाटलीवर टॅग वर सरकवला, जिथे आत द्रव नसून हवा असते. एवढ्यावर आकडा जुळला.

दुसरी चूक सर्वस्वी आमच्या टेबलावरची. टॅगांना क्रमांक देणारा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि अनुक्रमांक परत एकपासून मोजू लागला. एकच क्रमांक दोन नगांवर गेला, म्हणजे सिस्टिमच्या लेखी तिथे एकच नग. पाठवलेले टॅगचे रोल परत मागवले. तेव्हापासून वापरलेले क्रमांक आम्ही वेगळ्या यंत्रावर जपतो, आणि रोल बाहेर पडण्याआधी त्यांच्याशी ताडून पाहतो.

आता बहुतेक काम कपड्यांचं आहे. टॅग कारखान्यातच लागतो, त्यामुळे पुढे गोदामात आणि दुकानात तोच उपयोगी पडतो. टॅगवर बारकोड मात्र आम्ही आजही छापतो; चिप मेली तरी माल अडून राहू नये. नुसते डबे विकणारा कोणी आला, तर आधी त्याच्या मालावर टॅग लावून वाचून दाखवतो. नीट वाचले गेले नाहीत, तर बारकोडच ठेवा असं सांगतो आणि त्याची लेबलं छापायला घेतो.