पुणे ते एडिसन (न्यू जर्सी), दार ते दार

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना १५-१६ तास लागतात, येताना तास-दीड तास कमी. तिकीट काढताना आपण हेच आकडे बघतो, पण सत्तरीच्या आईला घेऊन निघाल्यावर खरा हिशोब वेगळाच होतो. पुण्याहून सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, गाडीने चार तास, तिथे आणखी चार, उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा. दारातून दारापर्यंत २६-२७ तास धरून चाला.

समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून आईने विचारलं, "अगं, हा एवढा वर कशाला चाललाय?" सपाट नकाशावर रेघ मारली तर ती उत्तर आफ्रिकेवरून जाते, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर रशिया, नॉर्वे, आइसलंडजवळून. जवळचा रस्ता तोच. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे आम्हीही आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला गेलो आणि मग युरोपकडे वळलो. शिवाय त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यात जोर जास्त.

थेट की थांबत? गुडघे धड असतील तर थेटच. नाहीतर फ्रँकफर्टमार्गे जा, प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन तुकडे पडतात. दुबईमार्गे तसं होत नाही: आधी तीन तास, मग पुन्हा चौदा. अबू धाबीची गोष्ट वेगळी, तिथेच अमेरिकेचं इमिग्रेशन उरकतं आणि पलीकडे थेट बाहेर पडता येतं. आणि न्यू जर्सीला जायचं असेल तर नेवार्क विमानतळाचं तिकीट बघा. एडिसन तिथून जवळ. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाहून रहदारीत दीड तास सहज जातो.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा, संकोच नको. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत. मुलांचा पत्ता, फोन कागदावर लिहून द्या. मोबाइल ऐन वेळी बंद पडतो.

खाऊबद्दल. आमच्या पुढच्या काकूंच्या बॅगेतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या एकेक करून बाहेर आल्या. सुकं खोबरं बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. भाजणी, मेतकूट, मसाले मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीहून जास्त पूड असली की जादा तपासणी. तिकडे उतरल्यावर खाण्याचं जे काही असेल ते सांगून टाका, लपवलं तर दंड. खरं तर एडिसनच्या ओक ट्री रोडवर, भारतीय दुकानांत, सगळं मिळतं, पण हे आईला सांगून उपयोग नसतो.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. रात्री दोनला मुंबई सोडली की त्याच तारखेला सकाळी तिथे. दुपारी तिथून निघालात तर मुंबईला पोचता दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणून पुण्याच्या गाडीवाल्याला तिकिटावरची निघायची तारीख न सांगता उतरायची सांगा.