बिबळ्याचा अर्क मधुमेही रॅटवर तपासताना

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी बिबळ्याच्या (विजयसार) झाडाच्या गाभ्याचं लाकूड घेतलं होतं. बाजारात लाकडाचे तुकडे सहज मिळतात, पण नुसत्या तुकड्यावरून वनस्पती प्रमाणित होत नाही. पानं आणि चपट्या, पंखवाल्या शेंगांसकट फांदी दाबून, वाळवून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राकडे पाठवावी लागते. घरच्या घरी पाहायची खूण एवढीच की भुगा पाण्यात भिजवून पेला उन्हात धरला, तर कडेला निळसर झाक दिसते.

भुग्याचा अर्क 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढला आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर 45 अंशांच्या वर न जाता आटवला. अल्कोहोल पूर्ण उडालं पाहिजे, नाहीतर रॅटला औषधाबरोबर दारूही पाजली जाते. अर्क थेट पाण्यात नीट मिसळत नाही. खलात थोड्या 0.5 टक्के सीएमसीच्या (घट्टपणा आणणारी सेल्युलोजची पावडर) द्रावणाबरोबर घोटून मग पातळ करायचा. तोंडावाटे 10 मिली प्रति किलोपेक्षा जास्त देऊ नये. म्हणजे 200 ग्रॅमच्या रॅटला 2 मिली, आणि 400 मिग्रॅ प्रति किलोच्या डोससाठी दर मिलीत 40 मिग्रॅ अर्क. ओईसीडी 423 या विषारीपणा तपासायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार 2000 मिग्रॅला विषारी परिणाम दिसला नाही, म्हणून 200 आणि 400 हे डोस ठरवले.

प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज करताना संख्या जपून लिहावी. पाच गट, प्रत्येकी सहा, म्हणजे 30 रॅट एवढंच लिहिलं की फसलात. मधुमेह घडवण्याच्या इंजेक्शननंतर काही मरतात, काहींची साखर चढतच नाही, आणि मंजुरीपेक्षा एकही जास्त प्राणी वापरता येत नाही. मी आठ जास्तीचे मागितले, आणि का तेही लिहिलं.

अ‍ॅलोक्झान मुद्दाम टाळलं. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून मधुमेह घडवतं. त्याचा मधुमेह काही प्राण्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय अर्काला जातं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बिबळ्यातल्या एपिकॅटेचिन या घटकाने अ‍ॅलोक्झान दिलेल्या रॅटच्या बीटा पेशी परत येतात असा दावा झाला होता. इतर प्रयोगशाळांना तो निकाल मिळाला नाही.

राहिलं त्याच कामाचं दुसरं रसायन, स्ट्रेप्टोझोटोसिन, आणि खरी मेहनत इथेच आहे. ही पावडर उणे 20 अंशांवर, अंधारात ठेवायची. 0.1 मोलर सायट्रेट बफर, पीएच 4.5, बर्फात थंड करून ठेवायचा. सगळ्या प्राण्यांचं द्रावण एकदम करू नये. पाच-सहा रॅटपुरतं वजन करायचं, फॉइल गुंडाळलेल्या नळीत विरघळवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं. पीएच चुकला किंवा नळी टेबलावर पडून राहिली, तर औषध विघटित होतं. मग शेवटच्या रॅटची साखर चढत नाही आणि आपण त्याला ‘नॉन-रिस्पॉन्डर’ म्हणून मोकळे होतो.

इंजेक्शननंतर काही तासांनी बीटा पेशी फुटून साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं, साखर कोसळते आणि रॅट रात्रीत मरतो. म्हणून पहिली रात्र पिण्याच्या बाटलीत 5 टक्के ग्लुकोज ठेवायचं. हे अर्ध्या कागदावर लिहून केजला चिकटवा, कारण बाटली बदलणारा माणूस वेगळा असतो.

पहिल्या छोट्या चाचणीत नुसतं स्ट्रेप्टोझोटोसिन 55 मिग्रॅ प्रति किलो दिलं आणि ग्लुकोमीटरवर ‘हाय’ येऊ लागलं. एवढ्या साखरेवर तुलनेसाठी घेतलेलं मधुमेहाचं औषध ग्लिबेनक्लामाइड (5 मिग्रॅ) चालणार कसं? ते इन्सुलिन बाहेर ढकलतं. ढकलायला बीटा पेशी तर उरल्या पाहिजेत. प्रमाणित औषधच हरलं की अर्काची तुलना कशाशी करणार? पुढे स्ट्रेप्टोझोटोसिनच्या 60 मिग्रॅच्या आधी 15 मिनिटं निकोटिनामाइड 110 मिग्रॅ प्रति किलो दिलं. त्याने काही पेशी वाचतात आणि साखर मध्यम राहते. 72 तासांनी मोजली, पण गट पाडले सातव्या दिवशी पुन्हा मोजून. उपाशीपोटी साखर 200 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर टिकलेलेच घेतले आणि प्रत्येक गटाची सरासरी जवळपास सारखी ठेवली.

पुढचे 28 दिवस एकसुरी. मधुमेही रॅट इतके मुततात की भुसा रोज बदलावा लागतो. ओल्या भुशाने पायाला जखमा होतात. साखर मोजण्याआधी रात्रभर उपाशी ठेवण्याऐवजी सहा तास पुरतात, कारण वजन आधीच घटत असतं. शेपटीचं पहिलं थेंब पुसून दुसरं स्ट्रिपला लावायचं आणि शेपटी पिळायची नाही.

शेवटच्या दिवशी स्वादुपिंड सर्वांत आधी काढा. ते स्वतःच्याच विकरांनी काही मिनिटांत विरघळायला लागतं. यकृत थांबू शकतं. रॅटमध्ये स्वादुपिंड आतड्याभोवती पसरलेलं असतं, चरबीसारखंच दिसतं. प्लीहेकडचं टोक धरा, आयलेट (बीटा पेशी असलेले पुंजके) तिथे जास्त सापडतात, आणि लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका. बाटलीवर गटाचं नाव नको, नुसता क्रमांक; स्लाइड वाचणाऱ्याला गट कळता कामा नये.